फी आमची, खाणं स्कॉलरशिपचं

"आमच्या घरात आजवर कुणी दुसऱ्याच्या पैशावर शिकलं नाही आणि पुढेही शिकणार नाही!" काकूंनी गल्ल्यावर थाप मारून जाहीर केलं. थाप अशी बसली की टाचण्यांचा डबा उडाला आणि इस्त्रीच्या टेबलाखाली टाचण्याच टाचण्या झाल्या.

बोलणं तसं खोटं नव्हतं. त्या घरात दुसऱ्याच्या पैशावर कुणी शिकलं नव्हतं, कारण मुळात कुणी शिकलंच नव्हतं! काकूंची शाळा सही येईपर्यंत टिकली आणि सही आल्याबरोबर संपली. मुलगा थोडा पुढे गेला, पण बाकावर बसण्यापेक्षा बाकावर उभं राहण्यातच त्याची बरीच वर्षं गेली. कपडे धुण्याचं, डाग काढण्याचं आणि इस्त्री करून देण्याचं हे दुकान काकूंच्या नवऱ्याने उघडलेलं. तो गेल्यावर दुकान मुलाच्या नावावर झालं, आणि नाव सोडून बाकी सगळं काकूंकडे राहिलं. गल्ला काकूंकडे, गिऱ्हाइकं काकूंकडे, तोंडही काकूंकडेच.

मुलाला सगळी गल्ली बघूराव म्हणायची. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच. लग्न करणार का? बघू. साहेबांचा कोट आज मिळेल का? बघू. दुकानात धूर होतोय, काही जळतंय का? बघू! तो बघेपर्यंत त्या दिवशी एका सद्गृहस्थांच्या विजारीला मागच्या बाजूने खिडकी पडली होती. त्याची बायको दिवसभर वाफेच्या इस्त्रीमागे उभी असे. सून म्हणून बोलायची कमी. पण काकूंनी काही बढाई मारली की तिची इस्त्री गरजेपेक्षा जरा जास्तच फुसकारायची, आणि त्या फुसकाऱ्याचा अर्थ काकूंना बरोबर कळायचा.

अशा या जोडप्याच्या पोटी, कशी कोण जाणे, हुशार मुलगी जन्मली! लहानपणी स्वतःपेक्षा मोठं कपड्यांचं बोचकं ओढत दुकानभर हिंडायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. या मुंगीला पूल बांधायला शिकवणाऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला, वर स्कॉलरशिप मिळाली, आणि काकूंचे पाय जमिनीला लागेनासे झाले.

"सोपं आहे, आजी," मुंगीने समजावलं. "स्कॉलरशिप फीला आणि पुस्तकांना लावायची. तेवढ्यात ते भागतं. घरून फक्त होस्टेलचं भाडं आणि मेसचे पैसे द्या."

"म्हणजे कॉलेजात पावती फाटणार ती स्कॉलरशिपच्या नावाने?"

"हो."

"आणि आमच्या नावाने काय? सूप आणि उकडलेले बटाटे?"

"अगं, पण पैसे शेवटी तेवढेच जाणार ना!"

"तेवढेच जाणार ना? मग माझ्या मनासारखे जाऊ देत! जेवणाच्या पावत्या कुणी भिंतीवर लावतं का? फी आम्ही भरू. ती स्कॉलरशिप तू खोलीला आणि खाण्याला लाव. उद्या कुणी म्हणायला नको, हिची नात खैरातीवर इंजिनियर झाली!"

सून इस्त्रीमागून हळूच म्हणाली, "आई, त्या टॅक्सच्या सल्लागाराला एकदा विचारू या का?"

"कोण तो? किल्लीवाल्याच्या माडीवर बसतो तो? ज्याला स्वतःच्या शर्टाची कॉलर दोन्ही बाजूंनी सारखी ठेवता येत नाही, तो माझे पैसे सरळ करणार!"

"बघू," बघूराव म्हणाला.

"बघायचं काय त्यात? ठरलं!"

इस्त्री फुसकारली.

फी भरायला काकू स्वतः गेल्या. गल्ल्यातले पैसे त्यांनी उशीच्या स्वच्छ अभ्र्यात बांधले, अभ्र्याला दुकानाची चिठ्ठी टाचली आणि कॉलेजच्या खिडकीत तो अभ्रा असा काही ठेवला, की कारकून आधी त्याला ओवाळायचं की मोजायचं या विचारात पडला.

"फी ऑनलाइन भरता येते, बाई."

"मला माणसाच्या हातात द्यायची आहे."

"बरं. पैसे भरणाऱ्याचं नाव?"

"बाबांचं लिहा," मुंगी म्हणाली.

"कुठले बाबा?" काकू मध्येच गरजल्या. "बाबा तिकडे दुकानात 'बघू' म्हणत बसलाय! माझं नाव लिहा. आणि आखडतं घेऊ नका, पूर्ण लिहा!"

कारकुनाने पूर्ण लिहिलं. आठवड्याच्या आत त्या पावतीला सोनेरी काठाची फ्रेम आली आणि ती दुकानात आरशाच्या बरोबर वर लागली. कुणी नवा कोट अंगावर घालून आरशात बघायला गेलं, की आधी पावती दिसायची आणि मग स्वतःचं तोंड.

समोरच्या चष्म्याच्या दुकानातली बाई मुद्दाम रस्ता ओलांडून ती बघायला आली. या चष्मेवालीचा मुलगा मागे एकदा कॉलेजात गेला होता आणि गेला त्याच वेगाने परतही आला होता.

"अगोबाई! पावतीला फ्रेम!" ती मान वाकडी करून म्हणाली. "छान हो! आम्ही आपली ड्रॉवरमध्येच ठेवली होती."

"परत आलेल्या मालाची पावती ड्रॉवरमध्येच ठेवतात," काकू म्हणाल्या आणि तिच्या नवऱ्याची पँट तिच्या हातात दिली.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग वर्ष सरलं आणि बघूरावाने टॅक्सचा अर्ज भरला. बघूराव अर्ज भरायचा म्हणजे मागच्या वर्षीचा समोर ठेवून त्याची नक्कल करायचा. काकूंची कुठे सही लागली, की तो कागद पुढे सरकवायचा. काकू सहीआधी कागदावर काय लिहिलंय ते कधी बघत नसत. सहीला जागा पुरेशी आहे ना, एवढंच बघत.

काही दिवसांनी टॅक्सच्या ऑफिसातून पत्र आलं. बघूरावाने ते वाचलं, "बघू" म्हटलं आणि बटणांच्या डब्याखाली ठेवलं. दुपारी बटण शोधताना ते काकूंच्या हाती लागलं. बारीक अक्षरांशी काकूंचं कधीच पटलं नाही. त्यांनी ठळक अक्षरांवर बोट ठेवून एकेक शब्द मोठ्याने वाचला : "आपली मुलगी... आपल्यावर... अवलंबून असल्याचा... पुरावा... सादर करावा."

नेमकी त्या वेळी गल्ल्यासमोर चष्मेवाली उभी होती.

"अवलंबून?" ती गोड आवाजात म्हणाली. "अय्या! मला वाटलं, मुंगी अगदी स्वतःच्या पायावर उभी आहे!"

काकूंच्या कानांतून वाफ निघायचीच बाकी राहिली. "माझी नात अवलंबून? बापाच्या तुकड्यावर जगते, असं म्हणतात हे? आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते मी त्यांना!"

"आई, थांब जरा," बघूराव आतून पळत आला. "ते टॅक्सवाले आहेत. त्यांचं विचारणं वेगळं असतं. पुढे खाली बारीक अक्षरांत..."

"बारीक अक्षरांत भित्री माणसं लिहितात! तू काय करणार आहेस?"

"बघू..."

"तू बघ! मी निघाले!"

भिंतीवरची फ्रेम त्यांनी उतरवली, काचेवर ओरखडा यायला नको म्हणून कोटावर घालायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी हँगरला अडकवली आणि हात उंच धरून बसमध्ये बसल्या. शेजारचा प्रवासी अख्ख्या रस्त्यात त्या चौकोनी कोटाकडे बघत होता.

टॅक्सच्या ऑफिसात काकूंना टोकन मिळालं. ते बघून त्यांनी नाक मुरडलं. अशी टोकनं त्या स्वतः रोज लोकांच्या मळक्या कपड्यांना टाचायच्या! त्यांचा नंबर ज्या साहेबासमोर लागला त्याच्या कोटाची कोपरं घासून चकाकत होती आणि पँटच्या एकेका पायावर दोन-दोन क्रीज होत्या. ज्याला स्वतःची पँट कुठे दुमडायची ते ठरवता येत नाही, तो हिशेब विचारणार! काकूंनी त्याला मनातल्या मनात भिजत टाकला.

"मुलगी आईवडिलांवर अवलंबून आहे का, एवढंच विचारलंय आम्ही," साहेब म्हणाला.

"मुळीच नाही!"

साहेबाने पेन उचललं. "नाही?"

"काडीची नाही! खोलीचं भाडं स्वतः देते, जेवणाचे पैसे स्वतः देते!"

"ते कुठून देते?"

"कुठून म्हणजे? स्कॉलरशिप आहे तिला! हुशार आहे!"

"म्हणजे स्कॉलरशिप राहण्याखाण्यावर खर्च होते."

"सगळी!"

"सगळी," साहेबाने चवीने लिहिलं.

"लिहा, लिहा! ठळक अक्षरांत लिहा!"

"आणि फी?"

काकूंनी कोटाची पिशवी वर केली आणि फ्रेम टेबलावर ठेवली. "ही बघा! मी भरली! नाव वाचा!"

"म्हणजे आईवडिलांनी नाही भरली."

"ते कसले भरतात!"

साहेबाने सगळं लिहून घेतलं, वाचायला पुढे केलं आणि काकूंनी नेहमीप्रमाणे फक्त जागा बघून सही ठोकली. काय ती सही! शेवटच्या अक्षराला अशी शेपटी निघाली की कागदावरून उतरून टेबलावर गेली. साहेब उठला, त्याने काकूंसाठी दार उघडून धरलं आणि वर "फार मदत झाली" असंही म्हणाला. टॅक्सवाला माणूस दार उघडून धरतो तेव्हा आपण आधी आपला खिसा चाचपावा. पण काकूंना त्या वेळी खिशाची नाही, परतीच्या बसमध्ये चष्मेवाली भेटेल का याची चिंता होती.

पुढचं पत्र आलं तेव्हा मुंगी सुट्टीला घरी आली होती. तिने ते उभ्याउभ्या वाचलं आणि मळक्या कपड्यांच्या ढिगावर मटकन बसली.

"आजी, तू काय सांगून आलीस तिथे?"

"जे खरं ते! तू स्वतःच्या पायावर उभी आहेस, असं सांगितलं. तोंडं बंद झाली त्यांची!"

"त्यांची नाही गं, आपली झाली!" मुंगी कपाळाला हात लावून म्हणाली. "नीट ऐक. स्कॉलरशिप फीला आणि पुस्तकांना लावली, की तिच्यावर टॅक्स नसतो. तीच राहण्याखाण्याला लावली, की ती माझी कमाई धरतात. तिच्यावर टॅक्स लागतो."

"म्हणजे सूप प्यायलीस म्हणून टॅक्स?"

"हो."

"आणि त्याच सुपाचे पैसे मी पाठवले असते तर?"

"तर काही नाही! मी पहिल्या दिवशी म्हणत होते तसं केलं असतं, तर काहीच नाही!"

काकूंनी बघूरावाकडे असं पाहिलं, की जणू ते सूप त्यानेच सांडलं होतं.

"आणि हे तर थोडक्यातलं आहे," मुंगी पुढे म्हणाली. "मी बाबांवर अवलंबून आहे म्हणून बाबांना टॅक्समध्ये सूट मिळते. दर वर्षी मिळते. तू सही करून सांगून आलीस की मी अवलंबून नाही. आता ती सूट काढून घेतायत, वर दंड लावतायत. एवढं भरलं, की पुढच्या सत्राच्या फीला काही उरत नाही."

"मग?"

"मग काय! कॉलेज सोडायचं आणि इथे आईशेजारी इस्त्रीला उभं राहायचं."

तेवढ्यात दुकानात एक विचित्र गोष्ट झाली. इस्त्री बंद पडली. म्हणजे पडली नाही, सुनेने बंद केली. भर दुपारी, अर्धवट शर्टावर!

"माझी मुलगी या इस्त्रीमागे उभी राहणार नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, आणि चढवला असता तर बरं झालं असतं असं काकूंना वाटलं. "आई, तुम्ही बिघडवलंत. तुम्हीच निस्तरा."

काकूंनी गल्ल्यावर हात उगारला. मग, कुणाच्याही आठवणीत प्रथमच, थाप न मारता खाली घेतला.

पत्रात म्हटलं होतं, आधीचं म्हणणं बदलायचं असेल तर सगळ्यांनी यावं आणि घराला ओळखणारा, पण नात्यातला नसलेला, एक साक्षीदार आणावा. काकूंनी गल्लीभर चौकशी केली. किल्लीवाला गावाला गेला होता. त्याच्या माडीवरचा सल्लागार म्हणाला, माझ्या कॉलरीवर तुमचा विश्वास नाही ना, मग माझ्या साक्षीवर कशाला? त्या दिवशी मोकळी अशी अख्ख्या गल्लीत एकच बाई होती.

"अगोबाई, येते की!" चष्मेवाली म्हणाली. "शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही!" आणि ती आली. काकूंनीच इस्त्री केलेला निळा कोट घालून, टाचा वाजवत, लग्नाला निघाल्यासारखी!

साहेब तोच होता. पँटच्या एकेका पायावरच्या क्रीज आता तीन-तीन झाल्या होत्या.

"बाई, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, नात आईबापाकडून एक पैसा घेत नाही."

"कोण, ही?" काकूंनी मुंगीला दंडाला धरून पुढे ओढलं. "हिला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, साहेब! सुट्टीला येते ती मळक्या कपड्यांचं बोचकं घेऊन येते, ते हिची आई धुते. फोनचं बिल बाप भरतो, बूट बाप घेऊन देतो. दात दुखला तर दाताचा डॉक्टर बापाच्या खिशातून!"

"आजी, पुरे..."

"गप्प बस, तुझ्याच फायद्याचं बोलते! मागे फोन करून विचारत होती, बटाटा शिजला हे कसं ओळखायचं. ही पूल बांधणार! बटाटा कळत नाही हिला, आणि लोक हिच्या पुलावरून जाणार!"

मुंगीचे कान लाल झाले. चष्मेवाली डोळे अर्धे मिटून एकेक वाक्य चॉकलेटसारखं चघळत होती. "अगदी खरं हो, साहेब," ती म्हणाली. "बोचकं मी स्वतः पाहिलंय. केवढं ते बोचकं!"

साहेबाने लिहून घेतलं. काकूंना वाटलं, सुटलो!

"पण फी तर तुम्ही भरलीत," तो म्हणाला. "आईवडिलांनी नाही. पावतीवर तुमचं नाव आहे, मी स्वतः पाहिलंय. फ्रेममध्ये."

काकूंनी फ्रेमला मनातल्या मनात पहिली शिवी दिली.

"आणि खरा घोळ पुढेच आहे." साहेबाने पान उलटलं. "तुमच्या मुलाच्या अर्जावर त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांची दोन नावं आहेत. एक मुलगी."

"आणि दुसरं कोण?" काकूंनी विचारलं.

एकदम सगळ्यांना दुसरीकडे कुठेतरी बघावंसं वाटलं. सून छताकडे बघायला लागली. मुंगी खिडकीकडे. बघूराव, ज्याने आयुष्यभर सगळं बघू म्हणून ठेवलं होतं, तो आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"दुसऱ्या तुम्ही," साहेब म्हणाला.

"मी?"

"आई. स्वतःचं उत्पन्न नाही. पूर्णपणे मुलावर अवलंबून. तुमचे यजमान गेल्यापासून दर वर्षी."

"बघ्या!" काकूंचा आवाज असा फुटला की पलीकडच्या टेबलावरचं टोकनांचं मशीन आपोआप एक नंबर पुढे सरकलं. "मी तुझ्यावर अवलंबून? मी?"

"आई, मी तुझी सही घेत होतो ना दर वर्षी..."

"सही घेतलीस! वाचून दाखवलंस का?"

"तू म्हणायचीस, जागा कुठे आहे ते सांग."

सही काकूंचीच होती. दर वर्षी तीच शेपटी, कागदाच्या कडेपर्यंत ओढलेली. इतकी वर्षं ती बाई मोठ्या दिमाखात लिहून देत होती की मी मुलाच्या जिवावर जगते.

"तेव्हा असं आहे," साहेब पेन टेबलावर आपटत म्हणाला. "ज्या बाईला उत्पन्नच नाही, तिने एवढी फी कुठून भरली? तुमचे पैसे होते असं म्हणालात, तर तुम्हाला उत्पन्न आहे, आणि तुमच्या मुलाने इतकी वर्षं तुमच्या नावाने खोटी सूट घेतली. मुलाचे पैसे होते म्हणालात, तर फी बापाने भरली, मुलगी त्याच्यावर अवलंबून आणि तुम्हीही त्याच्यावर अवलंबून. मग त्याची सूट राहील, दंड जाईल. सांगा, काय लिहू?"

चष्मेवालीने खुर्ची पुढे ओढली. एक शब्द सांडू द्यायचा नाही, अशी तयारी!

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग मुंगीकडे पाहिलं. तिच्या शेजारी तिची आई उभी होती आणि तिने मुंगीच्या हातावर आपला हात ठेवला होता. मनगटापासून वरपर्यंत वाफेने भाजल्याचे जुने-नवे डाग. काकूंच्या स्वतःच्या मनगटावरही तसेच होते, फक्त त्यांवरून इतकी वर्षं गेली होती की ते आता सुरकुत्यांत मिसळले होते.

"पैसे गल्ल्यातले होते," काकू म्हणाल्या.

"गल्ला कुणाचा?"

"दुकानाचा."

"दुकान कुणाचं?"

काकूंनी बघूरावाकडे बोट केलं. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या.

"मोठ्याने बोला, बाई. ऐकू आलं नाही."

"याचं, म्हणाल्या हो!" चष्मेवालीने मदत केली. "मुलाचं! गल्ला मुलाचा, दुकान मुलाचं, सगळं मुलाचंच, म्हणाल्या!"

"एवढं नाही म्हटलं मी!"

पण साहेबाने तेवढं सगळं लिहून घेतलं होतं. त्याने कागद वळवून पुढे केला आणि सहीच्या जागेवर फुली मारली. काकूंनी पेन हातात घेतलं, जागा बघितली आणि थांबल्या. एकदा सही करून अंगाशी आलं होतं. आज त्या फसणार नव्हत्या.

"मुंगे, इकडे ये. वाचून दाखव. पहिल्यापासून."

मुंगीने वाचलं. "मी, खाली सही करणारी, असं लिहून देते की मला स्वतंत्र उत्पन्न नाही. फीचे पैसे माझ्या मुलाच्या दुकानातले होते. माझ्या मुलावर अवलंबून असलेल्या व्यक्ती पुढीलप्रमाणे. एक, मुलगी. दोन, आई."

काकूंनी पेन खाली ठेवलं.

सुनेने डोळे मिटले. बघूरावाच्या कपाळावर घाम आला. साहेब म्हणाला, "बाई, तुम्ही सही केली नाहीत तर..."

"सही करते मी. सहीचं काय! पण हे काय लिहिलंय? एक नंबर ही आणि दोन नंबर मी?"

"त्याचं काय?"

"म्हणजे मी हिच्या खाली?"

"अहो बाई, या क्रमाने काहीही फरक पडत नाही!"

"तुम्हाला नसेल पडत! काल शाळेतून बाहेर पडलेली ही पोर, हिला बटाटा कळत नाही, ती एक नंबर! आणि मी हिच्या बापाला जन्म दिला, मी दोन? अवलंबून तर अवलंबून! पण मी आधीपासून अवलंबून आहे! तुम्हीच म्हणालात, यजमान गेल्यापासून दर वर्षी! वयाला काही मान आहे की नाही तुमच्या ऑफिसात?"

"छापील कागद आहे, बाई. सगळा पुन्हा काढावा लागेल."

"काढा!"

"बघू..." साहेब म्हणाला. थकलेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द आपोआप गेला असेल. पण त्या क्षणी बघूरावाने मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा ठाम आवाजात म्हणाला, "बघू नका साहेब. काढा. नाहीतर आपण सगळे इथेच राहू."

साहेबाने कागद पुन्हा काढला. एक, आई. दोन, मुलगी. काकूंनी मुंगीकडून तेवढी ओळ दोनदा वाचून घेतली आणि सही केली. या वेळी शेपटी कागदातच मावली.

सूट राहिली, दंड गेला, मुंगी कॉलेजात राहिली. सुपावरचा टॅक्स मात्र माफ झाला नाही. तो फार नव्हता, पण काकूंच्या घशाखाली सूप काही पुढचे महिनाभर उतरलं नाही. नव्या सत्रापासून स्कॉलरशिप फीला लागली, मुंगीच्या जेवणाचे पैसे घरून जायला लागले, आणि आरशावरची फ्रेम उतरली. तिथे भिंतीवर एक स्वच्छ चौकोन राहिला. तो काही केल्या बाकीच्या भिंतीसारखा मळेना.

एक दिवस एका जुन्या गिऱ्हाइकाने कोट घालून बघता बघता विचारलं, "काकू, इथली ती पावती कुठे गेली हो?"

"त्या पावतीचं काय घेऊन बसलात!" काकूंनी गल्ल्यावर थाप मारली. टाचण्यांचा डबा उडाला. "कॉलेजची पावती काय, कुणालाही मिळते! सरकारी कागदावर माझं नाव पहिलं आहे, माहितीये? पहिलं! टॅक्सच्या साहेबाने छापलेला कागद बदलून मला पहिलं घातलं!"

"काय सांगता! पण पहिलं कशात?"

नवऱ्याची पँट न्यायला आलेली चष्मेवाली गल्ल्यासमोरच उभी होती. तिने ऐकलं, गोड हसली, आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"तुमच्या पँटचे पैसे राहू द्या हो आज!" काकू घाईघाईने म्हणाल्या. "तुम्ही काय, घरच्याच!"

चष्मेवालीने तोंड मिटलं. पँट हातावर घेतली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"मग उद्या पडदेही आणून देते, काकू," ती म्हणाली. "घरभर आहेत."

वाफेची इस्त्री कितीतरी वेळ फुसफुसत राहिली. खरं तर त्या वेळी तिच्याखाली एकही कपडा नव्हता.